ठाण्यासमोर बसणारा

आमच्या कचेरीसमोर, पोलीस ठाण्याच्या फाटकाशी तो रोज सकाळी येऊन उकिडवा बसे. वीस-बावीस वर्षांचा, पारध्यांच्या बेड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा. पारध्यांना ठाण्यात हजेरी द्यायला लावणारा इंग्रजांचा कायदा उठून काही वर्षं झाली होती; हा मात्र बोरी अरबकडून पायी येई. शिपाई दिसला की उभा राही, पुन्हा बसे.

एकदा मी विचारलं, "कायदा गेला ना बाप्पा, आता कायले येतं?"

"चोरी कोनंही करो, साहेब, धरतेत मलेच. इथं बसलो असलो, तं शिपाई सांगन का हा इथंच होता."

मला त्याची कीव आली.

एका सकाळी तो दिसला नाही. गावात चोरी झाल्याचं कोणी म्हणालं नव्हतं. तरी मी हातातलं काम टाकून उठलो आणि बाहेर लावलेल्या माझ्या सायकलीचं कुलूप ओढून पाहून आलो.