भाड्याच्या स्क्रीनबरोबर येणारे मामा

प्रदर्शनात भाड्याने स्क्रीन लावून देणारी माणसं सकाळी येतात, वायर खोचतात, चित्र दिसलं की फोन नंबर देऊन पसार होतात. आमचे टीव्हीमामा पसार होत नसत. स्क्रीन उभी केली की तिच्याच मागे एक खोकं पालथं घालून बसत, ते थेट प्रदर्शन संपेपर्यंत. "कशाला थांबता मामा? बिघडली तर फोन करीन की," असं मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं. "असू द्या ताई, हितं बरं वाटतंय," एवढंच म्हणाले. मला वाटलं, काय चिकट म्हातारा आहे!

माझा शाळेच्या गणवेशांचा धंदा. नवरा कारखाना बघतो, प्रदर्शनात स्टॉलवर मी एकटी. त्या पहिल्या वर्षी मामांना मी फोटोंचा पेनड्राइव्ह दिला. त्यात गणवेशांच्या जोडीला माझ्या भाचीच्या बारशाचेही फोटो होते, हे ध्यानातच नव्हतं. मामा स्क्रीनच्या मागे, मी स्क्रीनकडे पाठ करून उभी; बघणार कोण? तासभर स्टॉलसमोर ही गर्दी! "लई चाललंय की ताई!" मामा मागून खूश. शेवटी माढ्याचे एक मुख्याध्यापक म्हणाले, "बाळ फार गोड आहे हो. आता हाफ पँटचं कापड दाखवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "राहू द्या त्येच. कापडापेक्षा बाळाला गिऱ्हाईक जास्त हाय."

मामा मूळचे मंद्रूपकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. कुणी स्क्रीन विकत घ्यायची भाषा काढली की हात झाडून कन्नडात म्हणत, "ब्याड, ब्याड! नगं, घेऊ नगा." मग कारणं सुरू. काच टेम्पोत फुटती. नवीन मॉडेल आलं की जुन्याला कुणी विचारत न्हाय. चार दिवस वापरायची आणि वर्षभर पलंगाखाली ठेवायची, तिथं उंदीर वायर खातो. स्वतःच्या स्क्रीन ते जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, वर सुतळी बांधून आणत. उलगडतानाही असे हळू उलगडत, की आत तान्हं मूल असावं.

दुपारी डबा उघडला की माझ्यापुढे कडक भाकरी आणि शेंगाचटणी सरकवायची, हा नेम. "मी आणलंय मामा," म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. "एकट्यापुरतं करायला येतंय का कुणाला?" म्हणायचे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी हुबळीला. इथे एका खोलीत ते आणि त्यांच्या पाच स्क्रीन. मी एकदा गमतीत विचारलं, "मामा, रोज वेगळ्या टीव्हीवर सिनेमा बघत असाल!" तर म्हणाले, "एक बी लावत न्हाय. एकट्यानं काय बघायचं त्यात?" मी हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. प्रदर्शनाचे तेवढे दिवसच हा माणूस माणसांत बसतो, स्क्रीन ही त्याची माणसांत यायची सबब आहे, हे कळायला हवं होतं. नाही कळलं. माल कसा खपेल, यापलीकडे माझं डोकं चालत नव्हतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे स्टॉल आवरायला लागत. मामांची मात्र वायर निघत नसे. "आजून धा मिनिटं राहू द्या. येईल की कोनतरी." मंडपवाले खुर्च्या उचलून न्यायचे आणि रिकाम्या मैदानावर आमची एक स्क्रीन गणवेश दाखवत राहायची.

धंदा वाढला. पुणं झालं, हैदराबाद झालं, वर्षाला आठ प्रदर्शनं व्हायला लागली. नवरा म्हणाला, आता स्वतःची घेऊ. मामांना सांगायचं कसं, या विचाराने माझा जीव खालीवर. शेवटी विचारलंच. मामांनी हातातली सुतळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "किती वेळा लावताय वर्षात? आठ? मग घ्याच. आठ वेळा भाडं भरायचं म्हंजे खुळेपणा हाय." ब्याड नाही, उंदीर नाही, काही नाही. स्वतः दुकानात आले, स्क्रीनवर कुठे काळा ठिपका नाही ना हे चष्मा वर करून तपासलं, घडीचा स्टँड आणि चाकांची पेटी घ्यायला लावली. अर्धा दिवस मला शिकवलं. जाताना त्यांची एक चादर देऊन गेले. काय मोठ्या मनाचा माणूस, असं मी चार लोकांना कौतुकाने सांगितलं. मी एवढ्यावर थांबले असते तर बरं. शेजारच्या स्टॉलवाल्यांनाही पटवलं, की घेऊन टाका, काही अवघड नाही! त्यांनीही घेतल्या.

इथल्या पुढच्या प्रदर्शनात मामांची एकही स्क्रीन लागली नव्हती. तरी ते आले. धुतलेला सदरा, गळ्यात पाहुण्यांना देतात ते कार्ड. माझ्या स्टॉलसमोर उभे राहिले. "काय अडचण न्हाय ना ताई?" मी बिल करता करता म्हणाले, "छे हो मामा, अगदी मस्त चाललंय!" "मग बरं हाय," म्हणाले. थोडा वेळ तसेच उभे होते. मी मान वर केली तोवर गेलेले. बसा म्हणायची साधी रीत मला सुचली नाही. दुपारी डबा उघडला, तर पुढे भाकरी सरकवणारं कुणी नव्हतं. मग रडले, गणवेशांच्या गठ्ठ्याआड बसून.

त्याच्या पुढच्या वेळी मी पहिल्या सकाळीच फोन लावला. "मामा, स्क्रीन चालत नाही. लवकर या." अर्ध्या तासात हातात पिशवी घेऊन हजर, रिक्षाने आले होते. येऊन बघतात तर स्क्रीन झकास सुरू. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे केली. बसले. पिशवी मांडीवर ठेवून म्हणाले, "ताई, तुमाला खोटं बोलायला येत न्हाय. पुढच्या टायमाला निदान वायर तरी काढून ठेवा." चार दिवस बसले होते मग. गिऱ्हाइकांना मापंसुद्धा सांगत होते.

या वर्षी मी शहाण्यासारखी आधी वायर काढली आणि मगच फोन लावला. बाईचा आवाज आला. हुबळीची मुलगी. बाबांना दिवाळीनंतर तिकडेच नेलं होतं म्हणाली, आणि गेल्या महिन्यात ते गेले. कुणाकुणाला कळवायचं, हे तिला माहीत नव्हतं. "तुम्ही कोण?" असं तिने विचारलं. काय सांगणार? गणवेशवाली ताई, म्हटलं. तिला काही बोध झाला नाही.

फोन ठेवला. मैदान भरायला लागलं होतं. शेजारच्या स्टॉलवरची बाई माझी काळी स्क्रीन बघून म्हणाली, "अगंबाई, बंद पडली का हो?"

"हो," मी म्हणाले. "माणूस येतोय."