उपवासाच्या ताटातला बटाटा

श्रावणातला दुसरा सोमवार. आईची उपाशीपोटी साखर दोनशे दहा. स्वयंपाकघरात आम्ही तिघं: आई, माझी मुलगी आणि मी. आईच्या ताटात बटाट्याचा कीस, ताटभर.

डॉक्टरांनी तिचा बटाटा बंद केला होता. एरवी पाळायची, सोमवारी नाही. सांगून सांगून मी थकलो होतो, म्हणून त्या दिवशी वेगळा मार्ग काढला. मुलगी नोकरीसाठी स्पॅनिश शिकते. तिच्याकडून ऐकलेलं आईला सांगितलं. बटाटा हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरचा. तिथले लोक रताळ्याला बटाटा म्हणायचे, तो शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला. आपण खातो त्या बटाट्याला पेरू देशातल्या डोंगरात पापा म्हणत. दोन्हींची गल्लत होऊन स्पेनमध्ये पटाटा झालं, त्याचंच इंग्रजांनी पोटॅटो केलं. आपल्याकडे शब्द आणि कंद दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आले.

"म्हणजे आई, महादेवाच्या उपासाला हे चालतं असं कुठल्या पुराणात असणार? परकं आहे ते."

आईने हातातला घास ताटात ठेवला. "आणि रताळं?"

"ते पण तिकडचंच," मुलगी म्हणाली.

"शेंगदाणं? मिरची?"

"ते पण की गं आज्जी. शाबूचा कंदसुद्धा."

मी तिला डोळ्यांनी गप्प करत होतो. तिचं लक्षच नव्हतं.

"मग इतकी वर्सं माझा उपास मोडल्यालाच हुता म्हण की," आई म्हणाली आणि ताट सारलं. नेसरीकडच्या शेतकरी घरातली ती. एकदा ठरवलं की ठरवलं. नुसतं पाणी प्यायली.

बटाटा सुटला म्हणून मी निश्चिंत मनाने कचेरीत गेलो. साखर उतरवायची गोळी तिने सकाळी नेहमीसारखी घेतली होती, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुपारी मुलीचा फोन आला. घरी पोचलो तर आईला दरदरून घाम सुटला होता. साखर अठ्ठावन्न. गुळाचं पाणी पुढे केलं.

"गूळ तरी आपला हाय न्हवं?"

"आपलाच, आई. शिरोळच्या उसाचा."

मग प्यायली. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी घेतली की पोटात काहीतरी हवंच, थोडा बटाटा चालेल. आता त्याच बटाट्याची बाजू मला मांडायची होती.

"शेकडो वर्षं झाली की त्याला येऊन. आपलाच झाला आता."

"सकाळी परका, दुपारी आपला? तुझं एक काय ते ठरीव बाबा."

एक बटाटा उकडला, सोलला, मीठ लावून तिच्यासमोर ठेवला. तिने तो माझ्याकडे सरकवला.

"माझ्यासंगं तू उपास धर," म्हणाली. "मग खाते. अर्धा तुझा."

तेव्हापासून सोमवारी मीही उपाशी असतो. चार वाजता कचेरीत डोकं उठतं. तिची सोमवारची गोळी डॉक्टरांनी संध्याकाळवर नेली आहे; ती घेताना आई बटाट्याचे दोन भाग करते आणि मोठा माझ्या ताटात टाकते.