दोरीवरचे कपडे

कॉलेजच्या एका सत्रासाठी आम्ही राजस्थानच्या वाळवंटातल्या गावात राहत होतो. एका दुपारी आभाळ भरून आलं आणि आमची चिपळूणची मेधा सवयीनं दोरीवरचे कपडे काढायला धावली. ज्यांच्या घरी आम्ही राहायचो, त्या माँजी अंगणात मान वर करून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे, बेटी. भिजू देत."

काढलेले दोन-चार कपडे हातात धरून मेधा थबकली. आपल्याकडे ढग आले की आधी कपडे आठवतात. इथे पाऊस क्वचितच पडतो, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. हातांना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

ढग न बरसताच निघून गेले. माँजी आत गेल्या. मेधानं काढलेले कपडे एकेक करून पुन्हा दोरीवर घातले. ते केव्हाच वाळले होते.