गाडी सुटेपर्यंतची जागा

महाडच्या ऑफिसातून पोलादपूरला घरी जाताना स्टँडवर, पुढं कापडे गावाला जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत एक बाई मला रोज दिसायची. गाडी लागली की ती खिडकीतून रुमाल टाकायची आणि आत शिरून जागा धरायची. पण टेकून म्हणून बसायची नाही. मांडीवर पिशवी, पायांची चाळवाचाळव, नजर फलाटावर. गावचं कुणी दिसलं की हाक मारायची, "ये गो, जागा धरलीय." कंडक्टर चढला की त्या माणसाला जागा देऊन स्वतः खाली उतरायची.

एकदा गावचं कुणी आलंच नाही, तेव्हा तिनं ती जागा मला दिली. मी विचारलं, "तुम्ही येत नाही?"

"कुठं येऊ, भाऊ? गावचं घर बंद केलं. पोरानं हितं ब्लॉक घेतलाय. लिफ्ट हाय, पानी हाय, बाजार खालीच हाय. पर सांज झाली का जीव थाऱ्यावर राहत नाय. घरी जायाचं हाय, असं वाटतं." बोलता बोलता ती उतरलीही.

यंदा मुलांच्या शाळेसाठी आम्हीही महाडात राहायला आलो. ऑफिसपासून घर हाकेच्या अंतरावर आहे, तरी सुटल्यावर पाय स्टँडकडेच वळतात. काल गाडी लागलेली दिसली आणि मी उगाच आत चढलो. बाई खिडकीशी होती. माझ्या हातात बॅगही नव्हती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या सीटवरचा रुमाल उचलला.

"बसा. कंडक्टर यायला येळ हाय."