रिकामा परत आलेला डबा

प्रिय अन्वी आणि ईशान,

गेल्या रविवारी अन्वी फोनवर म्हणाली, "आजी, माझाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता मी कुणाकडे जेवायला जाणारच नाही. कटकटच नको." आजाराचं सगळं तुला तिकडचे डॉक्टर समजावतील. पण या दुसऱ्या वाक्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल. माझ्याकडे आहे, आणि ते फोनवर सांगून संपणारं नाही. म्हणून आज सकाळची कामं आटोपून लिहायला बसले आहे.

ईशान, तूही वाच. तुझी तपासणी व्हायची आहे. ती होईपर्यंत पोळी, ब्रेड सोडू नकोस. गहू आधीच बंद केला, तर आजार असूनही तपासणीत सापडत नाही. माझ्या डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं होतं, मी तुला एकदाच सांगते.

माझं निदान झालं त्याला सहा वर्षं झाली. नागपूरच्या दवाखान्यातली ती हिरवी बाकं मला अजून दिसतात. आजोबा शेजारी बसून माझी फाईल मांडीवर धरून होते, जशी परीक्षेची उत्तरपत्रिका धरावी. त्याआधीचं वर्ष असंच गेलं होतं. हिमोग्लोबिन साताच्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या खाऊन जीभ काळी झाली, रक्त काही वाढलं नाही. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंड यायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर अशक्तपणा येतोच, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. वजन नऊ किलो उतरलं तेव्हा साकोलीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं.

तिथे आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी झाली. शरीर स्वतःच्याच आतड्याविरुद्ध लढत असेल, तर रक्तात तसे सैनिक दिसतात, त्यांची ही मोजणी. ती फार वाढलेली होती. मग एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत सोडून पाहिलं. बायोप्सीसाठी लहान आतड्याचे चार-पाच तुकडे काढले, तांदळाच्या कणीएवढे.

डॉक्टर बाई साधारण तुमच्या आईच्या वयाच्या, मूळच्या तुमसरच्या. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्हाला सीलिअ‍ॅक आहे. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. तुमच्या शरीराला ते शत्रू वाटतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तीच अन्न शोषते. तुमची लव झडून सपाट झाली आहे." मला डोळ्यांपुढे कापणी झालेली बांधी दिसली. तुम्हाला आठवतं ना, घरामागचं आपलं धानाचं वावर? तशी.

"औषध?"

"औषध नाही. गहू, जव बंद. आयुष्यभर, कणभरही नको. लव पुन्हा उगवते."

घरी सानगडीला आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, हे तुमच्या बाबांना सांगितलेलं नाही. शेजारची शेवंता दारात आली. तुम्ही तिला ओळखता, ती तुम्हाला सीताफळं द्यायची. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, भात चालते ना?"

"चालतो."

"पोहे, मुरमुरे चालते ना?"

"हो."

"मंग रडून कायले राहिल्या? अर्धा जिल्हा भातावरच जगून राहिला!"

खरंच होतं. माझ्या लहानपणी आमच्याकडे पोळी पाहुण्यांसाठी आणि सणाला व्हायची. रोज भात आणि तांदळाची भाकर. तरीही अन्वी, तुला आता जे कळतंय ते मला महिन्याभरात कळलं. घरचं ताट सोपं असतं. अवघड असतं ते पटकन हाताशी लागणारं खाणं. एसटीत, लग्नघरी, दवाखान्याच्या बाकावर, भूक लागली की उघडायचा पुडा.

मी माझ्या सवयीप्रमाणे वही केली. दुकानात चष्मा लावून उभी राहायची आणि पुड्याची मागची बाजू वाचायची. दुकानदार आजोबांना म्हणाला, "गुरुजी, बाई आता बिस्किटाचे पेपर तपासून राहिल्या का?" तपासतच होते. तांदळाची म्हणून विकलेली बिस्किटं, घटकात दुसराच शब्द मैदा. रवा, शेवया, दलिया हे सगळे गव्हाचेच. मक्याच्या पोह्यांत माल्ट, म्हणजे जव. ताकद वाढावी म्हणून दुधात घालायच्या पावडरीतही तेच. पोह्यांचा चिवडा बिनधास्त खात होते, तर त्यातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ निघालं. घटकांत गहू नसला तरी अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते, की याच यंत्रावर गव्हाचे पदार्थही तयार होतात. ती ओळ वाचल्याशिवाय पुडा घ्यायचा नाही. नागपूरहून ग्लूटेन-फ्री लिहिलेली बिस्किटं आणली. सुरक्षित होती. आजोबांनी एक चावलं आणि म्हणाले, "तू बरी होशील, पण आनंदाने नाही."

म्हणून मी माझा तयार पुडा स्वतःच बनवला. तांदूळ, मूगडाळ, थोडी चणाडाळ. डाळी ताटात पसरून निवडायच्या, कारण त्यांत गव्हाचा दाणा सापडतो, मग धुवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या. जिरं घालून दळायचं. गावच्या गिरणीत गव्हामागून तांदूळ दळला जातो, म्हणून तुमच्या बाबांनी घरघंटी पाठवली. तिच्यात गहू कधी पडला नाही. या पिठात पाणी आणि मीठ घातलं की पाच मिनिटांत धिरडं. पीठ मी स्टीलच्या गोल डब्यात भरायची, वर इंग्रजीत 'ग्लूटेन-फ्री' असं लेबल. तो डबा घेऊन मी कारध्याला भाचीच्या लग्नाला गेले, आचाऱ्याला स्वतःचा तवा दिला आणि पंगतीत बसून गरम धिरडं आणि भात जेवले. लव उगवत होती. सहा महिन्यांनी टीटीजी निम्म्याच्याही खाली आलं, वजन वाढलं. आजोबांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. मावा, साखर, वेलची. दुकानदाराला मी आधी विचारलं होतं.

मग दुसऱ्या पावसाळ्यात सगळं उलटलं. तोंड आलं, जुलाब सुरू झाले, जिना चढताना थांबावं लागायचं. टीटीजी पुन्हा चढलं. मी घाबरले. हा आजार वर्षानुवर्षं धुमसत राहिला, तर हाडं ठिसूळ होतात, क्वचित त्याहून वाईटही होतं. पण खरी भीती वेगळी होती. मी एक घासही चुकले नव्हते. मग आता कशावर विश्वास ठेवायचा?

डॉक्टर म्हणाल्या, "पंधरा दिवसांची वही आणा. ज्याच्यावर संशय आहे ते नको. ज्याच्यावर अजिबात संशय नाही ते लिहा."

मी वही नेली. त्यांनी पानं उलटली आणि बोट एका जागी ठेवलं. "हे धिरड्याचं पीठ. डबा घराबाहेर जातो?"

"शेजारी जातो. शेवंताला आवडतं पीठ. आठवड्यातून एकदा डबाभर देते."

"आणि परत येताना रिकामा येतो?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्या हसल्या. "माझी आईही जन्मात कुणाचा डबा रिकामा पाठवत नाही."

आपल्याकडची ही रीत तुम्ही पाहिली आहे. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, त्यात घरातलं काहीतरी घालायचं, मूठभर का होईना. शेवंता कधी शंकरपाळे घालायची, कधी गोड पुऱ्या, आणि बहुतेक वेळा कणकेचे लाडू. सगळं आजोबांसाठी. घरात गहू नको, हा नियम आजोबांनीच केलेला, म्हणून ते अंगणात खुर्ची टाकून डब्यातूनच लाडू खायचे. मग मी डबा कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसायची आणि पुन्हा माझं पीठ भरायची. पिठाचा डबा धुवायचा नाही, ओल राहिली तर पिठाला जाळी धरते, हे माझ्या आईने शिकवलेलं. इतकी नीटनेटकी मी, आणि माझ्याच नीटनेटकेपणाने मी स्वतःला गहू खाऊ घालत होते.

आजोबा परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाले, "लाडू मी खाल्ले आणि आजारी तू पडलीस."

आता माझी चूक सांगते, अन्वी. ही तुझ्यासाठी आहे. मी शेवंताला काहीच सांगितलं नाही. वाटलं, तिला लागेल. मी डबा देणंच बंद केलं. पीठ संपलं म्हणाले, घंटी बिघडली म्हणाले. ती काही घेऊन आली तर "आज पोट ठीक नाही" म्हणायची. कटकटच नको. तुझेच शब्द.

महिनाभराने ती माझ्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"बाई, खरं सांगा. आमच्या घरचं आता चालत नाई का तुमाले?"

या प्रश्नामागे किती जुनं काय उभं आहे, ते तुम्हाला तिकडे बसून पूर्ण कळणार नाही. कोणाच्या घरचं कोणाला चालतं आणि कोणाला चालत नाही, यावर आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या माणसांचा अपमान झाला आहे. तिच्या आणि माझ्या घरात ते मोडायला आम्हाला दोघींना पहिली दहा वर्षं लागली होती. आणि ते मोडलं होतं याच डब्यांनी. मी आजार लपवायला गेले आणि तिला ते जुनं दिसलं.

मी तिला हाताला धरून आत आणलं. रिपोर्ट दाखवला. तिने तो उलटसुलट केला. "याच्यात गहू दिसते का?" नाही दिसत. मग मी फळीवरचा डबा काढला. पुसलेला, चकचकीत, दवाखान्यातून आल्यापासून तसाच ठेवलेला. तिने नेसलेल्या गडद निळ्या लुगड्याचा पदर घेतला आणि डब्याच्या काठाखालच्या खाचेतून फिरवला. पदरावर पांढरी रेघ उठली.

"एवढंच, शेवंता. एवढ्याने मी आजारी पडते."

ती त्या रेघेकडे बघत राहिली. "मी का जहर देऊन राहिली होती का तुमाले?"

"तू लाडू देत होतीस. डबा मी धुतला नाही."

आजोबा मागून म्हणाले, "आणि लाडू फार चांगले होते." ती हसली नाही. मी त्याच दिवशी डबा उकळत्या पाण्याने घासला, उन्हात ठेवला, पीठ भरलं आणि तिला दिला. ती घेईल की नाही, माहीत नव्हतं. तिने घेतला आणि घरी गेली.

चौथ्या दिवशी ती आली. डबा धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधलेला होता. मी गाठ सोडली, झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. खाचेतून बोट फिरवलं, तर बोट कोरडं आणि स्वच्छ.

"चाळीस वर्षांत कोनाचा डबा रिकामा नाई देला मी," ती म्हणाली. "हात जड होऊन राहिला, बाई. माया सासूनं पाहिलं असतं तं मलेच घराबाहेर काढलं असतं. पन घ्या."

मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही भरून दिलं आहे. इतकं कुणी दिलेलं नाही. मग तिने पदराची गाठ सोडली आणि तळ्यातले ओले शिंगाडे माझ्या ओट्यावर ओतले. "हे डब्यात नाई घातले. याले तं गहू नाई ना लागला?"

"नाही लागला."

"मंग खा चुपचाप."

पुढच्या तपासणीत टीटीजी उतरलं. वर्षभराने नॉर्मल आलं आणि तसंच राहिलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, काय बदललं? मी म्हणाले, शेजारणीने रीत बदलली.

अन्वी, हा आजार तुला बहुधा माझ्याकडून आला. तुझ्या बाबांची तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा आम्ही निर्धास्त झालो होतो, पण तो त्यांना न धरताही पुढे जाऊ शकतो. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. पण तू जेवायला जा. पुड्याची शेवटची ओळ वाच, पर्समध्ये स्वतःचा पुडा ठेव, आणि ज्यांच्याकडे जाशील त्यांना पहिल्याच दिवशी सरळ सांग. "मला चालत नाही" असं नको म्हणूस, "मी आजारी पडते" असं म्हण. पदरावरची रेघ दाखवायला लाजू नकोस. मी महिनाभर गप्प राहिले आणि एक माणूस जवळजवळ गमावलं होतं.

सोबत दोन किलो पीठ पाठवते आहे. पिशव्या नव्या आहेत, डाळी मी आणि शेवंताने मिळून निवडल्या. तीन गव्हाचे दाणे निघाले, तिन्ही तिला सापडले.

तो डबा फळीवरच असतो. लेबल दोनदा बदललं. शेवंता दर गुरुवारी तो भरलेला नेते आणि रविवारी रिकामा आणून देते. अजून.

तुमची आजी