विहीणबाईंची घाई

माझ्या विहीणबाईंना जन्माला यायचीसुद्धा घाई झाली होती. हे मी पदरचं सांगत नाही, त्यांच्या आईनेच लग्नाच्या बैठकीत सांगितलं. दिवस भरायच्या आत आल्या, आणि मग आयुष्यभर सगळीकडे दिवस भरायच्या आतच पोचल्या. लग्नाला जायचं तर मंगल कार्यालयाचं कुलूप उघडायच्या आधी या पायरीवर बसलेल्या. पंगतीत भात येईपर्यंत यांच्या पानातली कोशिंबीर, लोणचं आणि मीठदेखील संपलेलं. समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं वाक्य स्वतः पुरं करायचं आणि त्याला उत्तरही देऊन टाकायचं. त्यामुळे मला जे म्हणायचंच नव्हतं त्यावर आमची कित्येक भांडणं झाली. त्या वर्षांत आमच्याकडे नुकता फोन आला होता. त्या फोन करायच्या, आपलं सांगायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून द्यायच्या. प्रत्येक कामाच्या शेवटी एकच बोल, "आय्तु, मुंदे?" कानडीत त्याचा अर्थ, झालं, पुढे? त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे कर्नाटकात आले आणि इथलेच झाले, म्हणून त्यांच्या मराठीत निम्मी कानडी. मी सांगलीकडची, चौथी शिकलेली, मुलाच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमागून बंगळुरात आलेली. साखरपुड्यातच त्या मला अक्का म्हणायला लागल्या. मी म्हटलं, "मी तुमची अक्का नाही, मुलाची आई आहे." तर म्हणाल्या, "सरी, अक्का." सरी म्हणजे बरं.

त्यांना एकच लेक, ती माझी सून. नवरा वारलेला. आमच्याच बनशंकरी भागात, दोन क्रॉस म्हणजे दोन आडव्या गल्ल्या पलीकडे, स्वतःच्या घरात एकट्या राहायच्या. सकाळी उठून दारात रांगोळी घालायच्या ती इतकी भराभर आणि इतकी मोठी की दूधवाल्याला सायकल ठेवायला जागा उरायची नाही. आमच्याकडे रोज चक्कर व्हायची, पण राहायच्या कधी नाहीत. त्यांच्या घराण्याचा नियम होता : लेकीच्या घरी पाणी प्यावं, पाठ टेकू नये. नातीच्या बारशाला दिवसभर उभ्या होत्या. एकदा आमच्याकडे असतानाच अंगात ताप भरला. सून आडवं हो म्हणून रडायला आली. या खुर्चीत ताठ बसून राहिल्या, डोळेसुद्धा मिटले नाहीत, आणि ताप जरा उतरल्यावर चालत घरी गेल्या. नियम तो नियम. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या दोन दिवस जरी आमच्याकडे राहिल्या असत्या तर आमच्या स्वयंपाकघरात मला जागा उरली नसती.

मी न्हाणीत घसरले तेव्हा सुनेने माझं नाव समाजभवनात घातलं. तिथे वरच्या मजल्यावर आरशांची खोली होती. संध्याकाळी मुली भरतनाट्यम शिकायच्या आणि सकाळी आम्ही म्हातारी माणसं ताय ची शिकायचो. हा चिनी व्यायाम. म्हणजे हातांत न दिसणारा भोपळा धरायचा आणि तो फुटणार नाही अशा बेताने या अंगाकडून त्या अंगाकडे न्यायचा. जितकं सावकाश तितकं चांगलं. शिकवणारे मास्तर तरुणपणी जहाजावर होते, सिंगापूरला हे शिकून आले होते. गुडघ्यांत बळ येतं, श्वास संथ होतो, म्हातारपणी माणूस पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी बघते तर विहीणबाई माझ्या आधी येऊन बसलेल्या.

मी म्हटलं, "तुम्ही कशाला? तुम्हाला कुठे पडायला वेळ आहे?"

"चेष्टा करू नका, अक्का. पडले तर तुमच्या घरी येऊन राहावं लागल. ते नको म्हणून आले."

"मलाही नकोच आहे."

"सरी. मग दोघी शिकू."

आमचं एकमत झालं असं ते पहिलंच.

मास्तर कानडीत सांगायचे आणि मला ते मराठीत सांगायचं काम विहीणबाईंनी आपणहून घेतलं. मास्तर म्हणायचे, वजन हळूहळू डाव्या पायावर जाऊ द्या, उजवा रिकामा होऊ द्या, पाय रिकामा झाल्याशिवाय उचलू नका. हे त्यांचं निम्मं बोलून व्हायच्या आत या मला सांगायच्या, "डावा, उजवा, आय्तु, मुंदे?" आम्ही सगळे अजून भोपळा उचलतोय, तर यांचा भोपळा खाली ठेवून पदर खोचून झालेला. मास्तर स्वभावाने गरीब. हात जोडून म्हणायचे, "स्वल्प निधान, अम्मा." जरा सावकाश. त्यावर या मलाच म्हणायच्या, "ऐकलं का अक्का, सावकाश करा." एकदा मास्तरांनी त्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला सांगितलं. त्यांनी सगळ्यांचे श्वास मिळून स्वतः घेतले आणि चक्कर येऊन बसल्या.

मला मात्र गुण आला. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. माझे गुडघे माझ्याबरोबरच जातील. पण भिंत न धरता चप्पल घालता यायला लागली, जिन्याचा कठडा सुटला, न्हाणीत जायची भीती गेली. विहीणबाईंवर काडीचा परिणाम नव्हता. वर्ष उलटलं तरी त्या तशाच.

मग हळूहळू त्या सुधारायला लागल्या. आधी फक्त सगळ्यांबरोबर संपवायला लागल्या. मग सगळ्यांच्या मागून. हात असे फिरायचे की खरोखरच त्यात काही धरलंय असं वाटावं. यायलाही उशीर व्हायला लागला. जिन्यावर त्यांच्या चपला घासत यायच्या. जेवताना पानात भात उरायचा. मी टोमणा मारला तरी चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मला वाटलं, शहाणपण आलं. दारातली रांगोळीही लहान होत होती, आधी ताटाएवढी, मग बशीएवढी. मला वाटलं, काटकसर करतायत. मी सुनेला म्हटलंसुद्धा, "तुझ्या आईला त्या मास्तरांनी माणसात आणलं." सगळा वर्ग खूश. मास्तर तर इतके खूश की एके दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, आज सगळ्यांनी या अम्मांकडे बघायचं, याला म्हणतात ताय ची.

आम्ही कडेने उभे राहिलो. त्या मधोमध. हात उचलले, वळल्या, भोपळा डावीकडून उजवीकडे गेला, आणि त्या थांबल्या. फार सुंदर थांबल्या. एकाने तर मान डोलावली. मी आरशात बघत होते. आरशात त्यांचा उजवा हात वर होता आणि डावा अर्ध्यात लोंबत होता. मास्तर म्हणाले, "आता पुढचं पाऊल." त्या तशाच. सगळे कौतुकाने वाट बघत राहिले. मग त्यांनी मान न वळवता, आरशातून माझ्याकडे बघत हलकेच म्हटलं, "अक्का, पाय निघंना."

मी जाऊन दंड धरला. बाकावर बसवलं. मास्तर पाणी आणायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरेच दिवस झाले. घरी दारातसुद्धा अडकते. लेकीला सांगू नका, लगेच घेऊन जाईल."

मी त्याच दिवशी सांगितलं. असल्या गोष्टी लपवून भल्या होत नाहीत. त्याबद्दल त्या माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांनी वाक्य मधेच तोडल्याशिवाय मला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मलाही फारसं बोलता आलं नाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मी म्हटलं, हात तर कापत नाहीत. ते म्हणाले, सगळ्यांचेच कापत नाहीत, काहींची नुसती हालचाल मंदावते, चेहरा थिजतो, अक्षर बारीक होतं. मला बशीएवढी रांगोळी आठवली. गोळ्या दिल्या. व्यायाम सोडू नका म्हणाले. त्याने रोग जात नाही, पण तोल राहतो. मास्तरांना मी हे कळवलं तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. पुढच्या आठवड्यापासून विहीणबाईंच्या शेजारी एक खुर्ची ठेवायला लागले.

त्या खुर्चीची पाठ धरून त्या येत राहिल्या. आता कानडीचं मराठी मीच करायची, म्हणजे मास्तरांचं ऐकून ऐकून जे पाठ झालं होतं ते त्यांना हळू सांगायची. तोल खरंच राहिला. त्या जोरावर त्या आणखी बरेच महिने आपल्या घरात एकट्या राहिल्या, लेकीशी रोज भांडून. आणि मग एका सकाळी मागच्या दारी कपडे वाळत घालताना पडल्या. हाड मोडलं नाही. पण फूलवाली येईपर्यंत ओल्या लुगड्याखाली तशाच पडून होत्या. फूलवालीने आमच्याकडे धावत येऊन सांगितलं. त्यानंतर भांडण संपलं.

त्यांना आमच्याकडे आणलं तेव्हा रिक्षावाल्याशी माझा मुलगा बोलत होता, सून पिशवी घेऊन पुढे झाली होती, आणि माझ्या खोलीत खिडकीखाली त्यांची खाट घातलेली होती. व्हरांडा त्या चालून आल्या. दाराशी येऊन थांबल्या. सून म्हणाली, "ये की गं आई." त्या उभ्याच. उंबरा तो केवढा, पण पाय जमिनीला खिळलेला. रोगाने अडला होता की लेकीच्या घराने, ते मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून आता काही कळतही नव्हतं. सून हाताला धरून ओढायला लागली. मी तिला बाजूला केलं. आतल्या बाजूने दाराशी उभी राहिले आणि म्हटलं,

"वजन डाव्यावर जाऊ द्या. सावकाश. उजवा रिकामा होऊ द्या. घाई नाही."

त्यांनी खाली बघितलं. अंग हळूहळू डावीकडे कललं. टाच सुटली, मग चवडा सुटला, आणि पाऊल उंबऱ्याच्या अलीकडे येऊन टेकलं. मग दुसरं.

"आय्तु," त्या म्हणाल्या.

पूर्वी हे दोन शब्द एका दमात यायचे. आता पहिल्यामागून दुसरा यायला वेळ लागत होता. मला तो शब्द ठाऊक होता, पण मी तो त्यांच्या आधी म्हटला नाही. दार धरून उभी राहिले.