कवट्यांचा पंचनामा

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. हाताखालून गेलेले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. त्या दुष्काळातले हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात गुन्हा नव्हता. चूक होती, आणि ती माझी होती.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या ठाण्याचे काही कागद अजून उस्मानाबादच्या शिक्क्यानेच निघत. मी नांदेडहून बदलून उदगीरकडच्या एका लहान ठाण्यात फौजदार म्हणून आलो होतो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. स्टेशन डायरीत चोऱ्यांपेक्षा टँकरवरच्या भांडणांच्या नोंदी जास्त असत.

एके सकाळी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारे एक जोडपे ठाण्यात आले. त्यांची सहा वर्षांची मुलगी आदल्या दुपारपासून दिसत नव्हती. मी मिसिंग दाखल केली, अंगावरच्या कपड्यांचे वर्णन लिहून घेतले आणि जमादारांना गावाजवळच्या विहिरी पाहायला पाठवले. आई रडत नव्हती. ती नुसती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

तासाभरात गावचा पोलीस पाटील सायकलवरून आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, त्या मास्तरच्या घरात कवट्या हायत. लई हायत. अन् लहानल्या बी हायत.”

हे मास्तर म्हणजे नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको वारल्यावर ते गावी एकटेच राहायला आले होते. त्यांचे घर बौद्ध वस्तीत, अगदी शेवटचे. त्या भागात भानामतीची भीती घराघरात होती, त्यात दुष्काळाने माणसे धास्तावलेली. संशय त्या एका घराकडे इतक्या सहज कसा वळला, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा दारात पन्नासेक माणसे जमली होती. काहींच्या हातात काठ्या होत्या. मास्तरांनी स्वतःच दार उघडले. आतल्या खोलीत भिंतीला लावलेल्या फळ्यांवर कवट्या ओळीने मांडलेल्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, वाळवलेल्या. प्रत्येकीला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली. त्यांतली एकही मी वाचली नाही. खालच्या फळीवर मुठीएवढ्या लहान आठ-दहा होत्या. 

“कुत्र्यांच्या आहेत,” मास्तर म्हणाले. “आपोआप मेलेल्या कुत्र्यांच्या. मी एकही मारलेलं नाही.”

मी ऐकून घेतले नाही. बाहेर गलका वाढत होता. पंचनाम्यात मी लिहिले, ‘लहान बालकांच्या असाव्यात अशा कवट्या’. शिपायांनी सगळा मुद्देमाल दोन पोत्यांत भरला. भरताना बऱ्याच चिठ्ठ्या तुटून जमिनीवर पडल्या. मास्तर खाली बसून त्या गोळा करू लागले, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून उठवले आणि चिठ्ठ्याही पोत्यात टाकायला सांगितल्या.

ठाण्यात दुपारभर त्यांना उभे ठेवून विचारपूस केली. मुलगी कुठे आहे, हा एकच प्रश्न. त्यांनी सांगितले ते असे: मेलेले कुत्रे दिसले की आधी ते कोणाचे आहे याची चौकशी करायची. मालक हो म्हणाला तरच न्यायचे, परसात पुरायचे आणि काही महिन्यांनी उकरून कवटी साफ करायची. गावठी कुत्र्यांची हाडे कोणी नीट जपून ठेवलेली नाहीत, म्हणून हा उद्योग. एवढे बोलून झाल्यावर त्यांनी मलाच विचारले, “साहेब, त्या मुलीच्या घरी कुत्रं आहे का?”

मला वाटले, हा माणूस विषय टाळतो आहे. मी म्हणालो, “प्रश्न मी विचारतो.” शेजारच्या शिपायाने त्यांना एक थप्पड मारली. मी ते पाहिले आणि त्याला अडवले नाही. मास्तरांनी खाली पडलेला चष्मा उचलला आणि त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत.

रात्री त्यांना ठाण्यातच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कवट्या तपासायला तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोत्यातून एकेक कवटी काढून पाहिली. दहा मिनिटेही लागली नाहीत. “सगळी कुत्री आहेत,” ते म्हणाले. “लहान आहेत ती पिल्लं. हे सुळे बघा की.” एका मोठ्या कवटीच्या दातांवरून त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाले, “असं काम मी आमच्या कॉलेजातसुद्धा पाहिलं नाही.”

मी काय करून बसलो होतो ते मला तेव्हा कळले. मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि आदल्या दिवशीचा त्यांचा प्रश्न त्यांना पुन्हा विचारायला लावला. मुलीची आई बाहेर पायरीवरच बसून होती. तिला आत बोलावले.

“कुत्रं होतं की,” ती म्हणाली. “आजारी होतं. तेबी त्याच दिवसापासून दिसंना. पोरगी त्याच्याबिगर जेवत न्हाई.”

मास्तर म्हणाले, “आजारी कुत्रं उन्हात थांबत नाही. ओल असेल, सावली असेल, तिकडं जातं. मला या शिवारात मेलेली कुत्री तीनच जागी सापडतात. रस्त्याची मोरी, खडीची खाण आणि माळावरची जुनी बारव.”

मोरी आणि खाण कामाच्या जागेला लागूनच होत्या आणि त्या आधीच पाहून झाल्या होत्या. बारव मैलभर दूर होती. ती आटल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हते. आम्ही जीपने गेलो. तळाशी जरा ओल उरली होती. तिच्या कडेला कुत्रे मरून पडले होते आणि त्याच्याशेजारी मुलगी होती. ती पायऱ्यांवरून घसरून पडली होती, पाय मोडला होता. ओठ फुटले होते, आवाज निघत नव्हता, पण डोळे उघडे होते. ओला चिखल चोखून ती दोन दिवस जगली होती. जमादारांनी तिला उचलले आणि पायऱ्या चढून जीपकडे नेले.

मुलगी वाचली. पायाचे हाड मात्र वाकडे जुळले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की एक दिवस आधी आणली असती तर पाय सरळ राहिला असता. तो एक दिवस कोणी घालवला, हे मला माहीत होते.

मी मास्तरांची माफी मागितली. ते म्हणाले, “मला त्या चिठ्ठ्या द्या.” पुढचे तीन दिवस ते ठाण्याच्या व्हरांड्यात बसून कोणती चिठ्ठी कोणत्या कवटीची हे लावत होते. प्रत्येक चिठ्ठीवर ते कुत्रे कोणाचे आणि कुठे सापडले ते लिहिलेले होते. अकरा कवट्यांचा पत्ता लागला नाही. मी सुचवले की अंदाजाने लिहा, कोण तपासणार आहे? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि त्या अकरा तशाच कोऱ्या ठेवल्या.

काही दिवसांनी ते मला सोबत घेऊन दवाखान्यात गेले. मुलीच्या कुत्र्याचे शरीर त्यांनी परसात पुरून ठेवले होते. बापाने तर केव्हाच सांगितले होते, “घ्या मास्तर, तुमचंच हाय ते.” पण कुत्रे मुलीचे होते. मास्तर तिच्या खाटेशेजारी बसले आणि आपण हाडांचे काय करतो ते तिला समजेल अशा भाषेत सांगितले. मग विचारले, “तुझ्या कुत्र्याचं डोकं मी ठेवून घेऊ का?”

 “न्हाई,” ती म्हणाली.

“बरं,” मास्तर म्हणाले. “मग ते तसंच राहू दे.”

 पुढे मी त्यांच्या घरी अनेकदा गेलो. परसात त्या जागेवर त्यांनी चार दगड मांडले होते. ती जागा कधी उकरली गेली नाही.

नोकरीत नंतर मी शेकडो घरांच्या झडत्या घेतल्या, शेकडो जबाब लिहिले. समोरचा माणूस काही विचारू लागला की मी लेखणी खाली ठेवून आधी त्याचे ऐकत असे. सोबतचे अधिकारी कधी कधी वैतागत. हा गुण कोणत्या प्रशिक्षणात शिकलात, असे एकाने विचारलेही होते.  ती मुलगी आज चाळिशीच्या पुढे असेल, आणि अजूनही लंगडत चालत असेल.